के२-१८बी वर खरंच जीवसृष्टी सापडलीय का? भाचीच्या चार्टसाठी विचारतोय

रानवारा
नमस्कार मंडळी. माझी भाची नववीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने के२-१८बी हा ग्रह घेतलाय आणि चार्टवर मोठ्या अक्षरात "जीवसृष्टी असलेला दुसरा ग्रह" लिहायचं म्हणतेय. २०२५च्या एप्रिलमध्ये सगळीकडे तशाच बातम्या होत्या आणि यूट्यूबवर तर निळा समुद्र, ढग, लाटा सगळं दाखवतात. मी कॉमर्सवाला, मला एवढंच वाटतंय की १२४ प्रकाशवर्षं लांबच्या ग्रहाच्या हवेत कुठला वायू आहे हे इथे बसून कळतं कसं? ते फोटो खरे असतात का? आणि राहण्यायोग्य म्हणजे माणसाला तिथे राहता येईल असं धरायचं का? पोरगी खूप मनापासून करतेय, तिला काहीतरी अर्धवट सांगायचं नाहीये, जाणकारांनी प्लीज सांगा.

गच्चीवरची_दुर्बीण
फोटोचं आधी सांगतो, एकही खरा नाही. सगळी कलाकारांनी काढलेली चित्रं आहेत, नासाच्या साइटवर खाली तसं लिहिलेलंही असतं पण फॉरवर्ड होताना ती ओळ गळते. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीला हा ग्रह साधा ठिपका म्हणूनसुद्धा वेगळा दिसत नाही, दिसतो तो फक्त तारा, के२-१८ नावाचा लाल बटू, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थंड तारा. ग्रह दर ३३ दिवसांनी त्या ताऱ्यासमोरून जातो आणि तेवढा वेळ ताऱ्याचा प्रकाश साधारण ०.३ टक्क्यांनी उतरतो. २०१५ साली केप्लर दुर्बिणीच्या डेटात हा ग्रह सापडला तो असाच, अधिक्रमणामुळे.

आता वायू कसे कळतात. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा (म्हणजे ढोबळपणे ठरावीक रंगाचा) प्रकाश शोषतो, त्यामुळे त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा असल्यासारखा दिसतो, आणि हा "किंचित" म्हणजे ताऱ्याच्या एकूण प्रकाशाच्या दहा हजारातला जेमतेम एक भाग. हे मोजता येतं हीच मला यातली सगळ्यात जबरदस्त गोष्ट वाटते. भाचीने चार्टचा अर्धा भाग यावर घालवला तरी चालेल, कारण हे पक्कं आहे, यावर कुणाचाच वाद नाही.

वाद आहे तो या मोजमापांचा अर्थ लावण्यात. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून दोन वेगवेगळ्या टीमनी सांगितलं की तिथे पाण्याची वाफ आहे, केवढ्या हेडलाइन झाल्या होत्या तेव्हा. मग २०२३ मध्ये वेबने बघितलं तर मिथेन आणि कार्बन डायॉक्साइड स्पष्ट मिळाले पण वाफेचा खात्रीलायक पत्ता नाही. हबल तरंगलांबीच्या ज्या पट्ट्यात बघत होती तिथे मिथेन आणि पाणी जवळपास एकाच जागी प्रकाश शोषतात, म्हणून ती गल्लत झाली होती.

राहण्यायोग्य म्हणाल तर त्याचा अर्थ फार छोटा आहे. ताऱ्यापासून अशा अंतरावर, जिथे योग्य हवा असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, बस एवढंच. के२-१८बी ला पृथ्वीइतकीच उष्णता मिळते हे बरोबर, पण तो पृथ्वीच्या साधारण २.६ पट रुंद आणि साडेआठ पट जड आहे, भोवती हायड्रोजनचं जाड आवरण, श्वास घेण्यासारखं काही नाही. खाली समुद्र आहे, वितळलेला खडक आहे की नुसता वायूच खोलवर जातो हेच अजून ठरलेलं नाही.

मीठपाणी
माझं काम समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर) आहे त्यामुळे ज्या वायूच्या दाव्यावरून २०२५ च्या जीवसृष्टीच्या बातम्या आल्या त्याबद्दल लिहिते. त्याचं नाव डायमिथाइल सल्फाइड. किनाऱ्यावर गेल्यावर जो "समुद्राचा वास" येतो ना, त्यात याचा मोठा वाटा असतो. प्लवक स्वतःच्या पेशीत क्षारांचा तोल सांभाळायला एक गंधकयुक्त पदार्थ बनवतात, ते मेले किंवा त्यांना कुणी खाल्लं की तो फुटून हा वायू बाहेर पडतो, काही समुद्रपक्षी तर या वासाच्या मागावर खाद्य शोधतात. पृथ्वीवर तो जवळजवळ सगळा सजीवांकडूनच येतो म्हणून तो दुसरीकडे दिसल्यावर लोक उडालेच.

पण पृथ्वीवर सजीव बनवतात म्हणजे सगळीकडे सजीवच बनवतात असं होत नाही. ६७पी या धूमकेतूजवळ रोझेटा यान गेलं होतं, त्याच्या मोजमापांत हा वायू सापडलाय, आणि धूमकेतूवर प्लवक नाहीत. प्रयोगशाळेतही नुसत्या वायूंच्या मिश्रणावर अतिनील प्रकाश टाकून तो तयार झालाय. दुसरं म्हणजे प्रमाण, आपल्या हवेत तो अब्जात एक भागापेक्षाही कमी असतो आणि तिथे दावा आहे दशलक्षात दहाच्या वरचा, हजारो पट! माझ्या प्लवकांच्या हिशोबाने हे पचवणं अवघड आहे.

उत्तरा_फाल्गुनी
तुम्ही दोघं जरा जास्तच थंड पाणी ओतताय असं मला वाटतं. हा दावा करणारे केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन म्हणजे कुणी यूट्यूबर नव्हेत, वाराणसीच्या आयआयटीत शिकलेला माणूस, एमआयटीत पीएचडी, हायड्रोजनची हवा आणि खाली समुद्र अशा ग्रहांची कल्पनाच त्यांच्या गटाने २०२१ मध्ये मांडली आणि मग वेबवर वेळ मिळवून दोनदा मोजमाप केलं. २०२३ मध्ये त्या वायूचा पुसटसा इशारा होता, २०२५ मध्ये वेगळ्या उपकरणाने वेगळ्या तरंगलांबीत पुन्हा मिळाला, तोही तीन सिग्मा. नववीतल्या मुलीला "काहीच नाही" असं सांगून तिचा उत्साह का घालवायचा?

गच्चीवरची_दुर्बीण
काहीच नाही असं कोण म्हणतंय? मधुसूदन यांच्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि आणखी निरीक्षणं हवीत, घाई नको हे ते स्वतःच सांगत होते, ते वाक्य बातम्यांनी खाली ढकललं. तीन सिग्मा म्हणजे तिथे काही नसताना नुसत्या योगायोगाने असा सिग्नल दिसण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भारी वाटतं, पण शोध लागला म्हणायला पाच सिग्मा लागतात. शिवाय तो आकडा तुम्ही कुठले वायू धरून गणित करता त्यावर अवलंबून असतो. नंतर दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा घेऊन बघितला तेव्हा दुसरे वायूही त्यात बसले, आणि एका विश्लेषणात तर सरळ सपाट रेषासुद्धा बसली, म्हणजे कुठलाच वायू न धरता. हे भांडण नाहीये, विज्ञानात असंच चालतं आणि भाचीला हे सांगितलं तर तिचा उत्साह वाढेलच असं मला वाटतं.

रानवारा
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. मीठपाणी ताई, धूमकेतूचा मुद्दा तिला वाचून दाखवला तर लगेच म्हणाली मग एका रकान्यात "कशामुळे वाटलं" आणि दुसऱ्यात "कशामुळे शंका" असं करते, नाव पण बदलतेय. अजून एक विचारतेय ती, तिला मॉडेल पण करायचंय, आकार आणि अंतर खऱ्या प्रमाणात दाखवता येईल का? आणि तो तारा आकाशात कुठे आहे?

उत्तरा_फाल्गुनी
रकान्यांची कल्पना छान आहे, ती ठेवाच. तारा सिंह राशीत, उत्तरा फाल्गुनी या ठळक ताऱ्याच्या जरा दक्षिणेला. एप्रिलअखेर रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडे तो भाग जवळपास डोक्यावर असतो. तारा स्वतः नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, फार मंद आहे, त्याला गावाबाहेरचं अंधारं आकाश आणि आठ-दहा इंची दुर्बीण हवी, पण उत्तरा दाखवून "इथे खाली" असं नक्की सांगता येतं.

मॉडेलसाठी पृथ्वी २ सेंटीमीटरची धरा. मग के२-१८बी साधारण ५.२ सेंटीमीटर आणि त्याचा तारा जवळपास एक मीटर, तो पुठ्ठ्याचा कापून लाल रंगवायचा. दोघांतलं अंतर येतं साधारण ३५ मीटर, हॉलमध्ये मावणार नाही, त्यामुळे सरांना विचारून तारा व्हरांड्याच्या एका टोकाला आणि ग्रह मैदानात लावा, दोरी आधीच मोजून न्या.