मदत हवी आहे: ‘तिलावा’ बोटीवरच्या पणजोबांचा शोध

माझे पणजोबा गुहागरकडचे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘तिलावा’ बोटीवर आगवाले (बॉयलरच्या भट्टीवर काम करणारे खलाशी) होते. मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ही बोट २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली, ते परत आलेच नाहीत. घरात एकच पोस्टकार्ड उरलंय. सारंगाचं (खलाशांच्या मुकादमाचं) नाव शाई फुटून गेलंय, ‘पैसे आईकडे द्यावे’ एवढं मात्र स्पष्ट वाचता येतं.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत शोधलं, पण तेव्हाच्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानावर. लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारातून कुणी युद्धकाळातल्या क्रू लिस्ट मागवल्या आहेत का? मुंबईत खलाशी भरतीची जुनी रजिस्टरं कुठे बघायला मिळतील? आजी नव्वदीला आलीय, तिच्या हयातीत वडिलांचं नाव सापडावं असं फार वाटतं. दाभोळ, गुहागर, रत्नागिरीकडच्या कुणाच्या घरचे त्याच बोटीवर होते का, तेही कृपया कळवा.