मदत हवी आहे : मोटर फिरली की बोर्ड रीसेट होते

नमस्कार मंडळी, दर्यापूरजवळच्या खेड्यातून लिहून राहिलो. गावातल्या पाच पोट्ट्यांसोबत अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर लाईन फॉलोअर (रेघ धरून आपोआप चालणारी) गाडी बनवली, एल२९८एन ड्रायव्हर (मोटरीले करंट पुरवणारं सर्किट), दोन पिवळ्या बीओ (गिअरवाल्या छोट्या) मोटरी, रेघ ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर, ओपन सोर्स (सगळ्यायले खुला) कोड घेऊन पोरायनंच त्यात मराठी कमेंट टाकल्या. यूएसबीवर सेन्सर बरोबर वाचते, पण ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मोटरी फिरल्या की बोर्डावरचा लाईट मिचकते अन् प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून! ड्रायव्हरच दोनेक व्होल्ट खाते, मंग ३.७ व्होल्टचे दोन १८६५० सेल (रिचार्ज होणारे लिथियम सेल) सिरीजमध्ये पुरतील का? बोर्डाले वेगळी बॅटरी दिली तं ग्राउंड (मायनसची वायर) एकत्रच जोडा लागते ना? अन् सारवलेल्या ओसरीवर काळ्या रेघेऐवजी चुन्याची पांढरी रेघ ओढली, तं कोडमध्ये फक्त सेन्सरचं हाय-लो उलटं केलं की झालं? पोट्टे रोज संध्याकाळी दारात येऊन विचारतात, लवकर सांगा.