बिल्ले लावून मताचा हक्क मिळाला म्हणे!

रेघोट्या
परवा इथे एका मार्केटिंगवाल्या सद्गृहस्थांनी लिहिलं की इंग्लंडमधल्या बायकांनी तीन रंग ठरवले, बिल्ले विकले, जगातलं पहिलं झकास ब्रँडिंग केलं आणि मताधिकार खिशात घातला. स्टार्टअपवाल्यांनी धडा घ्यावा. खाली वाहवांची रांग. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो एवढा लांबला की हा धागाच काढतेय.

रंगांचं खरं आहे. १९०८ साली ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ या मताधिकारासाठी लढणाऱ्या जहाल संघटनेच्या एमेलीन पेथिक-लॉरेन्सने जांभळा, पांढरा आणि हिरवा निवडला. त्या २१ जूनला हाइड पार्कच्या सभेत जिकडे तिकडे त्याच फिती होत्या. पण गृहस्थांनी त्यापुढचं सगळं गाळलंय. त्याच संघटनेतली सिल्व्हिया पँकहर्स्ट रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली. तिने १९०९ मध्ये जो ब्रोच काढला त्यात पार्लमेंटच्या चिन्हातला जाळीचा दरवाजा आहे आणि त्यावर कैद्यांच्या कपड्यांवर छापायचे तो सरकारी बाण, तिरंगी मिन्यात. हा दुकानात मिळत नव्हता. हॉलोवे तुरुंगात जाऊन आलात तरच.

त्याच वर्षी मॅरियन वॉलेस डनलॉप या चित्रकर्तीने पार्लमेंटच्या भिंतीवर रबरी शिक्क्याने हक्कांच्या सनदेतला मजकूर उमटवला. तुरुंगात गेली, तिथे अन्न सोडलं आणि ९१ तासांनी सुटली. मग उपोषणाचं पदक आलं: वर ‘शौर्यासाठी’ कोरलेली पट्टी, खाली तिरंगी फीत. नळीने जबरदस्ती अन्न घातलेल्या बाईला मिन्याची वेगळी पट्टी. कुठली कंपनी गिऱ्हाइकाच्या नाकात नळी घालून लोगो देते, सांगा.

हिशेबी_नाना
ताई, सोयीचं तेवढं उचललंत. याच संघटनेची गावोगावी दुकानं होती. चहाचे सेट, पत्त्यांचे खेळ, साबण सगळं विकत. मॅपिन अँड वेब या सराफांनी १९०८ च्या नाताळात यांच्या रंगांतल्या दागिन्यांचा कॅटलॉग काढला. हे ब्रँडिंग नाही तर काय हळदीकुंकू?

आणि पत्र्याचा बिल्ला यांनी शोधलेला नाही. सेल्युलॉइड लावलेल्या बिल्ल्याचं पेटंट १८९६ चं, न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होगचं. त्याच वर्षी अमेरिकेच्या निवडणुकीत मॅकिन्ले आणि ब्रायन दोघांचे बिल्ले निघाले होते. मतं आली १९१८ मध्ये, महायुद्ध संपत आलेलं असताना, तीही तिशीवरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीने यायला १९२८ उजाडलं. यात बिल्ल्याने काय दिवे लावले?

रेघोट्या
नाना, दुकानातला बिल्ला आणि तुरुंगातला ब्रोच यातला फरकच तर सांगतेय! पहिला एका पेनीत कोणालाही. दुसऱ्याची किंमत पैशात नव्हती. हे दोन्ही एकाच संघटनेने शेजारी ठेवले, म्हणून पहिल्यालाही वजन आलं. १९१७ मध्ये अमेरिकेत मताधिकारासाठी लढणाऱ्या अॅलिस पॉलच्या सहकारी बायकांनी तुरुंगाच्या दाराची पिन केली ती या ब्रोचवरूनच. त्यांनी साबण का नाही उचलला?

लंडनवाली_माई
अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथल्या जुन्या बाजारात हिरवा, पांढरा, जांभळा खडा असलेलं काहीही ‘सफ्रजेट’, म्हणजे मतासाठी लढणाऱ्या त्या बायकांचं, म्हणून गळ्यात मारतात. वर खुलासा: हिरवा म्हणजे द्या, पांढरा म्हणजे बायकांना, जांभळा म्हणजे मतं, इंग्रजी आद्याक्षरं जुळवून. सगळी मागाहून रचलेली कथा. पेथिक-लॉरेन्सबाईंनी स्वतः सांगितलेले अर्थ म्हणजे जांभळा प्रतिष्ठा, पांढरा शुचिता, हिरवा आशा. अॅमेथिस्ट आणि मोती त्या काळी फॅशनमध्ये होतेच. माझ्या सुनेने चांगले पैसे मोजून असलं पेंडंट आणलं. मी खरं सांगितलं, तेव्हापासून ती मला ‘तज्ज्ञ’ म्हणते. असो.

शांतपणे
काचा फोडणाऱ्यांचंच कौतुक चाललंय. मिलिसेंट फॉसेटच्या कायद्याने चालणाऱ्या संघटनेत सभासद कितीतरी जास्त होत्या, रंगही वेगळे (लाल, पांढरा, मागाहून हिरवा). तिचे बॅनर बघा कधी. रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्या मेरी लाउंड्सने १९०७ मध्ये कलाकार जमवून ‘आर्टिस्ट्स सफ्रेज लीग’ काढली आणि १९०८ च्या मिरवणुकीसाठी भरतकामाचे असे बॅनर केले की विरोधी वर्तमानपत्रांनाही दखल घ्यावी लागली. पण तुरुंग नाही, नळी नाही, म्हणून लाइक नाहीत.

ब्रश_मोडलेला
लाउंड्सचं नाव निघालंच आहे तर: तिच्या लीगमधले कलाकार काम फुकट देत. १९०९ मध्ये निघालेल्या सफ्रेज अटेलियर या कलाकारांच्या दुसऱ्या संस्थेने मात्र चित्रकारांना नफ्यातला वाटा दिला आणि ठशांची छपाई शिकवली, म्हणजे पोस्टर स्वस्तात आणि झटपट. शंभर वर्षांपूर्वी त्यांना कळलं ते आमच्या गणेश मंडळाला अजून कळेना. लोगो, बॅनर, टीशर्ट, पावतीपुस्तक सगळं मीच केलं. पैसे विचारले तर ‘बाप्पाची सेवा’. मांडववाला, ढोलवाला, लाइटवाला यांची सेवा रोखीत!

हिशेबी_नाना
सार्वजनिक कामात पैसे मागणारे बघून लाज वाटते. लाउंड्स श्रेष्ठ ठरली ती म्हणूनच.

ब्रश_मोडलेला
लाज? नाना, तुम्ही निवृत्त होईपर्यंत बँकेत सेवा केलीत ना? पगार परत केलात का?

हिशेबी_नाना
व्यक्तिगत होऊ नका. मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे.

लंडनवाली_माई
वयाचा काय संबंध? ज्यांच्या घरच्यांना पोसायची ऐपत होती त्यांनी फुकट काम केलं, बाकीच्यांना अटेलियर लागलं. इथे मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठही असंच उकळतात.

शांतपणे
धागा कशावर होता, आठवतंय का कुणाला?

दादरकरीण
मला आठवतंय. बिल्ल्याने काय दिवे लावले, असा प्रश्न होता. १९११ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा मुलगी मिठनसह काश्मीरला गेल्या होत्या. तिथे त्यांना पंजाबच्या महाराजा दलीप सिंगांची लेक सोफिया भेटली. तिच्या अंगावर ‘व्होट्स फॉर विमेन’चा बिल्ला होता. तो बघून बोलणं निघालं आणि हेराबाई या कामात ओढल्या गेल्या. १९१९ मध्ये मायलेकी हिंदी बायकांच्या मताधिकाराची बाजू मांडायला लंडनला गेल्या. १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलने बायकांना मत दिलं. मिठन पुढे बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात उभी राहिली. नाना, हा तुरुंगातला ब्रोच नव्हे हं, साधा बिल्ला.

हिशेबी_नाना
बरं, एका बिल्ल्याचा एक दिवा लागला, लिहून घेतो. मुंबईतही मालमत्तेची अट होतीच, म्हणजे मूठभर श्रीमंत बायकांनाच मत, हेही लिहा की.

रेघोट्या
लिहिते. आणि दादरकरीण, साध्या बिल्ल्याला मीही कमी लेखत होते असं वाटलं असेल तर वाटू दे, पण सोफिया स्वतः कर नाकारून कोर्टात उभी राहिलेली बाई होती. कोणाच्या छातीवर आहे त्यावर ठरतं. मार्केटिंगवाल्यांना हेच दिसत नाही.

ब्रश_मोडलेला
नाना, तुमच्या सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाचा बिल्ला तुम्ही इथे मिरवला होता. छान होता. कोणी काढला?

हिशेबी_नाना
पुतण्याने. आर्ट स्कूलला आहे.

ब्रश_मोडलेला
किती दिलेत?

हिशेबी_नाना
घरच्या पोराला कसले पैसे द्यायचे?