पहिल्यांदाच येणाऱ्या गेस्टना स्वच्छतेचं कसं सांगायचं? (खारघर, १ बीएचके)

खारघरची_होस्ट
सासूबाईंचा खारघरचा फ्लॅट मार्चपासून एअरबीएनबीवर लावलाय. अॅक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं सेंटर, जवळ असल्यामुळे निम्मे गेस्ट पेशंटच्या घरचेच, जळगाव, अकोला, लातूरकडून आलेले. बुकिंग मुलाने नाहीतर भाच्याने मोबाईलवरून केलेलं असतं आणि राहायला येणारी माणसं वेगळीच, त्यांनी असं परक्याचं घर चार दिवसांसाठी घेऊन कधी राहिलेलंच नसतं.

माणसं चांगली असतात हो. पण गेल्या आठवड्यात एक फॅमिली गेल्यावर दार उघडलं तर सिंकमध्ये भात आणि चहापत्ती अडकून पाणी तुंबलेलं, बर्नरवर दूध उतू जाऊन करपलेलं, ओला-सुका कचरा एकाच पिशवीत भरून पॅसेजमध्ये ठेवलेला (आमच्या सोसायटीत मिक्स कचरा उचलत नाहीत, सेक्रेटरींचा फोन मलाच येतो) आणि पांढऱ्या बेडशीटवर हळदीची पाच बोटं उमटलेली. मावशींचं दोन तासांचं काम चार तासांवर गेलं, पुढचे गेस्ट बॅगा घेऊन खाली उभे. रागाने मेसेज टाईप केला होता पण पाठवला नाही, त्या काकांची तिसरी केमो होती, हातच चालला नाही.

रूल्स लिस्टिंगमध्ये लिहिलेत, कोणी वाचत नाही. न दुखावता कसं सांगता तुम्ही?

नेरुळ_स्टेशन_ईस्ट
ताई, स्पष्ट सांगायचं, त्यात काही वाईट नाही. जानेवारी २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले बँडची कॉन्सर्ट होती तेव्हा माझ्याकडे चार मुलं उतरलेली, सगळ्यांचं पहिलंच बुकिंग, कॉन्सर्टमधून अंगावर आलेली चमकी सोफ्याच्या शिवणीतून मी होळीपर्यंत काढत होतो. तेव्हापासून चेकआऊटची यादी दारामागे लावलीय, भांडी घासा, चादरी काढा, कचरा खाली न्या, झाडू मारा. आणि फोटो काढून ठेवा. एअरबीएनबीवर नुकसानभरपाई मागायची असेल तर चेकआऊटपासून १४ दिवसांतच मागावी लागते, रिव्ह्यूलाही तेवढीच मुदत.

घोडबंदर_रोडवाली
मी होस्ट नाही, गेस्ट म्हणून लिहितेय. आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा असं घर बुक केलं होतं, भिंतीभिंतीवर कागद, हे करू नका ते करू नका. आई सकाळी साडेसहाला उठून कंबर दुखत असताना घरभर झाडू मारत बसली, का तर "लोक नावं ठेवतील". क्लीनिंग फी वेगळी भरली होती आम्ही. दादा, फी घेता तर झाडू मारायला सांगू नका प्लीज. खरकटं उचलणं वेगळं आणि सफाई वेगळी.

ठाणे_पाचपाखाडी
वरच्या ताईंशी सहमत. सहा वर्षं दोन फ्लॅट चालवतोय, माझा अनुभव असा की सांगण्यापेक्षा वस्तू जागेवर ठेवली की काम होतं. सिंकला स्टीलची जाळी बसवा. हिरवा आणि निळा असे दोन डबे ओट्याखालीच ठेवा, वर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात ओला, सुका. गॅसजवळ घासणी आणि कोरडं फडकं दिसेल असं, ते कपाटात ठेवलं तर परक्या घरातलं कपाट कोण उघडणार?

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत फिका पडतो. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून जूनपासून मी गडद चादरी काढतो.

एक_मुलगा
माझ्या वडिलांची ट्रीटमेंट तिथेच झाली, आम्ही पाच वेळा खारघरला असे फ्लॅट घेऊन राहिलो. ताई, आम्हीच स्वच्छतेला जास्त घाबरलेलो असतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, इन्फेक्शनची भीती, म्हणून बाहेरचं खाणं बंद, पहाटे उठून भात-वरण लावायचं, डबा भरायचा आणि नंबरासाठी पळायचं. त्या गडबडीत ओटा तसाच राहतो, निर्लज्जपणा नसतो तो. आणि वापरलेली चादर घडी घालून ठेवायची की तशीच, हेही कळत नाही, विचारायला संकोच वाटतो.

एका होस्ट काकूंनी आम्ही पोचायच्या आधी आईला फोन केला होता. म्हणाल्या, चादरी गरम पाण्यात धुतल्यात, बाथरूम आज सकाळीच घासून घेतलंय, मागच्या गेस्टचं काही राहिलं असेल तर लगेच सांगा. मग म्हणाल्या, तुम्ही फक्त सिंकमध्ये खरकटं टाकू नका आणि कचरा वेगळा ठेवा, बाकी आमच्या मावशी बघतील. त्यांनी आधी त्यांची बाजू सांगितली ना, म्हणून आईला ते हुकूम वाटलं नाही. त्या घरात तिने शेवटच्या दिवशी बर्नरसुद्धा पुसून ठेवला, कोणी सांगितलं नव्हतं.

खारघरची_होस्ट
वाचून गलबलून आलं. दादा, वडील बरे असतील अशी आशा करते.

मी आतापर्यंत मेसेज बुकिंग करणाऱ्या मुलाला पाठवत होते, तो पुण्यात बसलेला, आईपर्यंत ते पोचतच नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं. जाळी आणि डबे आजच आणते. चेकआऊट ११ वरून १० आणि चेकइन २ करते, मावशींनाही श्वास घ्यायला मिळेल. परवा लातूरची फॅमिली येतेय, बुकिंग करणाऱ्या मुलाकडून त्या घरातल्या काकूंचा नंबर मागितलाय, उद्या संध्याकाळी त्यांनाच फोन करते. आधी पाणी, चादरी आणि बाथरूमचं सांगेन, मग सिंकचं.