'अकाउंटेबिलिटी': जबाबदारी, उत्तरदायित्व की जाब?

प्रश्न
शाळासुधारणांवरचा एक लेख मराठीत करते आहे. त्यात 'रिस्पॉन्सिबिलिटी' आणि 'अकाउंटेबिलिटी' एकाच वाक्यात येतात. पहिल्याला 'जबाबदारी' दिली की दुसऱ्याला काय उरतं? 'उत्तरदायित्व' चूक नाही, पण परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद
क्रियापदं पाहा. जबाबदारी घेतात, पेलतात, अंगावर टाकतात, झटकतात. जाब विचारतात, आणि तो द्यावा लागतो. मुळाशी दोन्हीकडे 'जवाब'च आहे, पण जबाबदारी कामाच्या आधी येते आणि जाब काम झाल्यावर.

अमेरिकेचा २००२ चा 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायदा घ्या. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी. केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळेत ठरलेली प्रगती सलग दोन वर्षं दिसली नाही, तर 'सुधारणा आवश्यक' असा शिक्का आणि पालकांना मूल दुसऱ्या शाळेत घालण्याची मुभा. पुढेही तेच राहिलं तर शिक्षकवर्ग बदलण्यापर्यंत मजल. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्रवीण झालेलं हवं होतं! इथे 'जबाबदारी' लिहिलंत तर कायद्याची धारच जाते. शाळांना जाब विचारला जात होता. २०१५ मध्ये हा कायदा बदलावा लागला.

फिनलंडमध्ये उलट. १९७० च्या दशकात सगळ्या मुलांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा आली, शिक्षकांना पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शाळातपासणीही थांबली. देशव्यापी परीक्षा होते ती थेट उच्च माध्यमिकच्या शेवटी. तिथे शिक्षकावर जबाबदारी टाकली आणि तो ती पेलेल असा भरवसा ठेवला. हा फरक मराठीत पुसला जाऊ नये असं मला फार वाटतं.

दुसरा प्रतिसाद
फरक पटला, पण 'जाब' म्हटलं की आवाज चढलेला ऐकू येतो. सगळीकडे तो चालणार नाही. 'हिशेब देणे' पाहा: मुलं काय शिकली याचा हिशेब शाळेनं द्यायचा. मात्र इंग्लंडच्या 'ऑफस्टेड'बद्दल लिहिताना तोही नको. ही संस्था तपासणीनंतर अख्ख्या शाळेवर एकच शेरा मारायची, 'उत्कृष्ट'पासून 'अपुरी'पर्यंत. सरकारी शाळांसाठी हा एकत्रित शेरा सप्टेंबर २०२४ पासून बंद झाला. तिथे सरळ 'शेरा' आणि 'तपासणी' लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

प्रश्नकर्ती
आभार! एक वाक्य अजून अडलंय: शिक्षक सरकारला 'अकाउंटेबल' आहेत तसेच पालकांनाही.

प्रतिसाद
'शिक्षक सरकारला बांधील आहेत, तसेच पालकांनाही.' कुणाला, हे वाक्यात आलं की 'बांधील' चपखल बसतो. 'उत्तरदायित्व' कायद्याच्या कलमांपुरतं ठेवा.