मदत हवी आहे: नानकटाईचं पीठ वळतच नाही, नुसता भुगा होतोय

मीठमोहरी:
घाईत धागा काढतेय, कारण परातीत भुगा पसरलाय आणि उद्या सकाळी नणंदेकडे डबा जायचाय.

नानकटाई पहिल्यांदाच करतेय. कृतीत दोन कप मैदा, अर्धा कप बेसन, एक कप तूप, एक कप पिठीसाखर, चिमूटभर खायचा सोडा आणि वेलदोड्याची पूड होती. एक कप तूप बघून धस्स झालं, म्हणून पाऊणच कप घेतलं. (माहितीये, माहितीये.) तूप-साखर हाताने फेसली, त्यात पिठं चाळून घातली. मुठीत दाबलं की मुटका होतो, पण पेढ्यासारखं वळायला गेलं की तडे जाऊन हातातच फुटतं.

दूध घालू का? सासूबाई म्हणतात, घाल दोन चमचे, काही होत नाही. व्हिडिओतली बाई म्हणते, थेंबही नको. सगळं टाकून द्यायची वेळ आलीये का?

उकडीचा_मोदक:
टाकू नकोस गं! दूध घाल बिनधास्त. मी दर दिवाळीत घालते, आजवर कोणी तक्रार केली नाही.

जुनी_भट्टी:
तक्रार कोण करणार, दिवाळीला आलेला पाहुणा? :)

मीठमोहरी, दूध घातलं तर पीठ लगेच वळेल, पण नानकटाई कडक होईल. मैद्याला पाणी लागलं आणि वर मळला की ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिनांचं जाळं, तयार होतं. पोळीला ते हवं, नानकटाईला नको. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळेच ती खुसखुशीत होते. तुझ्या पिठाला ओल कमी पडलेली नाही, तूप कमी पडलंय.

आधी काहीच घालू नकोस. पाच मिनिटं तळहाताने परातीत रगड, पुरणाला रगडतो तसं. थंडीत तूप घट्ट असतं, ते हाताच्या उबेने सुटतं आणि कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. नाहीच झालं तर मऊ तूप एकेक चमचा घालत जा. पातळ करून ओतू नकोस, नाहीतर नानकटाई ओव्हनमध्ये पसरून चपटी होईल.

आणि मैदा कपात कसा भरलास?

मीठमोहरी:
डब्यात कप खुपसला आणि वरून दाबून सपाट केला. का?

जुनी_भट्टी:
सापडलं! मैदा चमच्याने हलकेच भरला तर एका कपात साधारण १२५ ग्रॅम बसतो. दाबून भरलास तर कितीतरी जास्त जातो. काटा असेल तर तसाच एक कप भरून बघ.

मीठमोहरी:
डाएटच्या नादात घेतलेला काटा आज पहिल्यांदा उपयोगी पडला. एक कप १५५ ग्रॅम! म्हणजे दोन कपांत ६० ग्रॅम मैदा जास्त, वर तूप पाव कप कमी.

सातासमुद्रापार:
बटर घेणाऱ्यांसाठी एक भर. इथे अमेरिकेत बटरची एक स्टिक ११३ ग्रॅमची, म्हणजे अर्धा कप. पण बटरमध्ये १६-१७ टक्के पाणी असतं. बटरच्या कुकीजच्या कृतीत मी एकदा तेवढंच तूप घातलं आणि पोत पार बदलला. त्या कृती पाण्याचा हिशोब धरूनच लिहिलेल्या असतात, तिथे चमचाभर दूध चालतं. नानकटाईचा हिशोब वेगळा. आणि कोणी अर्धी कणीक घालत असेल तर तूप थोडं वाढवा, कोंडा बरंच शोषतो.

उकडीचा_मोदक:
बरं बाई, मी चुकले. पण आमच्याकडे रवा, मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवाल्याकडे द्यायचो, दिवाळीच्या आधी रांग असायची. मळायचं काम त्याचं. हात कसा चालवायचा ते कधी शिकलेच नाही.

मीठमोहरी:
अपडेट. अर्ध्या पिठात मऊ तूप घातलं, तीन मोठे चमचे लागले. दुसऱ्या अर्ध्यात दूध, कारण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. १६० अंशावर वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर दोन्ही मऊ लागत होत्या, मी परत आत ठेवणार होते, पण ह्यांनी थांबवलं. गार झाल्यावर तुपाची दाताखाली विरघळली. वर तडेही सुरेख आले. दुधाची चहात बुडवावी लागतेय, बिस्कीट म्हणून वाईट नाही.

नणंदेच्या डब्यात तुपाच्याच भरल्यात. दुधाच्या इथेच ठेवल्या, सासूबाईंना त्याच आवडल्या म्हणे.

जुनी_भट्टी:
भाजायचं काही पीठ उरलं असेल आणि फ्रिजमध्ये ठेवणार असशील तर तासभर आधी बाहेर काढ. थंडगार तुपाचा परत भुगाच होतो.