नारिंगी वाटीसारख्या बुरशीबद्दल सोप्या भाषेत कसं लिहावं?

पायवाट:
अलेउरिया ऑरॅन्शिया या नारिंगी बुरशीवर शंभरेक शब्द लिहायचेत, वाचणारे सामान्य लोक. मी सुरुवात केली, ‘धानीकवक गटातील ही बिनदेठाची प्रजाती असून फलकाय चषकाकार असतो...’ घरी वाचून दाखवलं, तर ‘हे कसलं औषध?’ असं विचारलं. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा कुणीतरी संत्र्याच्या साली टाकल्यात असं वाटलं होतं. कचरा म्हणून उचलायला वाकलो, तर तुकडा कट्‌कन मोडून हातात आला. हे कसं मांडू?

जुनं भिंग:
अहो, मांडलंत की! शेवटच्या प्रश्नाआधीची दोन वाक्यं आधी घ्या. इंग्रजीतही तिचं नाव संत्र्याच्या सालीवरूनच आहे.

मग वाटी उलटी करून दाखवा. आतून झगझगीत नारिंगी, बाहेरून फिकट, पीठ भुरभुरल्यासारखी. ‘अलेउरिया’ नावही पिठाच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय. (पर्सून या बुरशी-अभ्यासकानं १८०० साली वर्णन केलं तेव्हा ती पेझिझा या गटात होती, १८७० मध्ये फुकेल या दुसऱ्या अभ्यासकानं अलेउरियात नेली. हे मात्र लिहू नका, वाचक पळतील.) कोवळी असताना गोल, मग दाटीत एकमेकींना रेटत कडा वेड्यावाकड्या होतात. रुंदी २ ते १० सेंटिमीटर.

खरी गंमत आतल्या नारिंगी थरात. तिथे असंख्य सूक्ष्म नळ्या उभ्या रचलेल्या असतात, प्रत्येकीत ८ बीजाणू आणि टोकाला चक्क झाकण. हलकी फुंकर घातली तरी पुष्कळ झाकणं एकदम उघडतात आणि वाटीतून धूर निघावा तसा बीजाणूंचा ढग उठतो. मी पाहिला तेव्हा कॅमेरा पिशवीत होता, अर्थात! ‘धानी’ म्हणजे हीच नळी. शब्द हवाच असेल तर इथे आणा.

नवखी:
मला कुजक्या फांदीवर लालभडक वाटी सापडली. हीच का? खातात का?

जुनं भिंग:
ही नव्हे. लाकडावरची लाल वाटी बहुतेक सार्कोसायफा. ‘पायवाट’ यांना दिसलेली वाटी मातीतून उगवते, तीही उकरलेल्या, तुडवलेल्या, उघड्या मातीतून. फोटोआधी ती कशावर उगवलीय ते टिपून ठेवा. खाण्याचं म्हणाल तर असं लांबून ओळखून मी कुणालाच ‘खा’ म्हणत नाही.

पायवाट:
नवी सुरुवात: ‘वाटेवर संत्र्याची साल दिसली तर उचलू नका. वाकून हळूच फुंकर घाला.’ धानी चौथ्या ओळीत ढकलली. ‘फलकाय’ (म्हणजे ही वाटीच) हा शब्द गेला.